उत्तर कारेलियांतील आरोग्यसोबती

इ.स. १९७१ च्या जानेवारी महिन्यांत फिनलंड देशाच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया नांवाच्या प्रांतांतून हेल्सिंकीच्या सरकारकडे एक अर्ज गेला. प्रांतांकडून राजधानीस जाणारे अर्ज बहुधा ठराविक मासल्याचे असतात. कोणास पूल हवा असतो, कोणास रेल्वेचा फांटा, कोणास साऱ्याची सूट. या अर्जांतील मागणें निराळेंच होतें. आमच्या प्रांतांतील कर्ते पुरुष ऐन उमेदींत हृदयविकारानें मरत आहेत, तरी हें संकट निवारण्याचा कांहीं उपाय सरकारनें योजावा, असा त्याचा आशय होता. प्रांताचे गव्हर्नर एसा टिमोनेन, प्रांतांतून निवडून गेलेले सर्व लोकप्रतिनिधि आणि अनेक संस्थांचे चालक यांच्या त्यावर सह्या होत्या. पटकी, देवी किंवा प्लेग यांच्या सांथींत लोकांनीं सरकारकडे धांव घेतल्याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु ज्या रोगास जंतु नाहीं, जो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं, आणि जो बव्हंशीं आपल्याच ताटांतून व आपल्याच विडीकाडींतून घरांत शिरतो, त्याच्या निवारणासाठीं सबंध प्रांतानें एकमुखानें गाऱ्हाणें घालावें, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे.

गाऱ्हाण्यास आंकड्यांचा आधार होता. पस्तीस ते चौसष्ट वर्षें वयाच्या दर एक लक्ष पुरुषांमागें उत्तर कारेलियांत दरसाल सुमारें ६७० पुरुष हृदयाच्या रक्तवाहिन्या कोंदल्यामुळें दगावत. इतकें प्रमाण त्या काळीं जगांत दुसरीकडे कोठें नोंदलेलें नव्हतें. या गोष्टीची चाहूल कांहीं वर्षें आधींच लागली होती. अमेरिकेचे अँसेल कीज व फिनलंडचे मार्त्ती कार्वोनेन आणि त्यांचे सहकारी यांनीं सात देशांतील पुरुषांच्या आहाराची व हृदयाची तुलना आरंभिली होती, आणि १९५९ सालीं फिनलंडांत जी पाहणी झाली तींतील एक मुलूख, इलोमांत्सी, नेमका याच प्रांतांतला होता. पुढें त्या तुलनेंत क्रीट बेटावरील शेतकरी सर्वांत सुरक्षित ठरले, आणि पूर्व फिनलंडांतील लांकूडतोडे व शेतकरी सर्वांत धोक्यांत आढळले.

यांतील कोडें असें कीं, हे लोक आळशी नव्हते कीं सुखवस्तु नव्हते. गादीवर लोळणाऱ्या शेटजीस हृद्रोग व्हावा आणि राबणाऱ्या कुणब्यास तो होऊं नये, अशी आपल्याकडेही एक भोळी समजूत आहे. येथें तर कडाक्याच्या हिमांत दिवसभर कुऱ्हाड चालविणारा धट्टाकट्टा गडी पन्नाशी गांठण्यापूर्वीं कोसळत होता. कष्ट पुष्कळ होते. परंतु नुसते कष्ट त्यास तारूं शकले नाहींत.

कारण शोधूं लागल्यास इतिहासांत थोडें मागें जावें लागतें. दुसऱ्या महायुद्धांत फिनलंडला रशियाशीं दोनदां झुंजावें लागलें, आणि १९४४ च्या तहान्वयें कारेलियाचा मोठा भाग कायमचा सोडून द्यावा लागला. चार लक्षांहून अधिक माणसें घरदार टाकून उरलेल्या फिनलंडांत आलीं. सरकारनें या निर्वासितांस व युद्धावरून परतलेल्या सैनिकांस जमिनीचे लहान लहान तुकडे वाटून दिले. अशा जमिनींत, अशा हवेंत, धान्यापेक्षां गाय अधिक भरंवशाची. गाय आली तसें दूध आलें, लोणी आलें. डुकरें आलीं तशी चरबी आली. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटीं राहिले होते त्यांच्या घरांत स्निग्धाचा सुकाळ झाला. पावावर बोटभर लोणी असणें ही दारिद्र्य संपल्याची खूण ठरली. 'खाईन तर तुपाशीं, नाहीं तर उपाशीं' ही म्हण ज्या भाषेंत आहे, त्या भाषेच्या वाचकांस या मनोवृत्तीविषयीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं. तंबाखूची गोष्टही तशीच. युद्धांत शिपायांस शिध्याबरोबर सिगारेटी मिळत; युद्ध संपलें आणि संवय तेवढी घरीं आली.

१९७२ च्या पाहणींत आढळलें कीं, प्रांतांतील निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत होते, दहांपैकीं नऊ माणसें पावास लोणीच लावीत होतीं, आणि स्वयंपाकांत वनस्पतींचें तेल जवळ जवळ कोणीच वापरीत नव्हतें. मीठ भरपूर. दूध पितांना साय काढण्याची रीत नाहीं. पालेभाज्या म्हणजे गुरांचें खाद्य, असें म्हणणारे म्हातारे त्या प्रांतांत होते असें सांगतात. रक्तांतील कोलेस्टेरॉल व रक्तदाब हीं दोन्हीं यामुळें किती चढलेलीं असतील याची कल्पना कोणासही करतां येईल.

सरकारनें अर्ज मनावर घेतला. कार्वोनेन यांच्या पुढाकारानें व जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानें एक योजना आंखण्यांत आली, आणि १९७२ सालीं तिचीं सूत्रें पेक्का पुस्का या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टराकडे सोंपविण्यांत आलीं. पुस्का यांनीं वैद्यकाबरोबर राज्यशास्त्राचाही अभ्यास केला होता, आणि या कामांत त्यांस दुसऱ्या विद्येचा उपयोग पहिलीपेक्षां कमी झाला नसावा असें आम्हांस वाटतें. प्रांताची वस्ती सुमारें एक लक्ष ऐशीं हजार. त्यांतील रोगी तेवढे वेंचून त्यांस औषध देण्यानें मृत्यूचा ओघ थांबणार नाहीं, कारण जो आज निरोगी दिसतो आहे तोच दहा वर्षांनीं मरणार आहे. तेव्हां बदलावयाचें तें सबंध प्रांताचें खाणें-पिणें, असा त्यांचा सिद्धान्त होता. सिद्धान्त बरोबर होता. आचरणांत आणावा कसा, हीच काय ती अडचण.

येथें किंचित् विषयांतर करतों. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारा, आणि त्याच्या अंगीं ज्ञान व कौशल्य यांबरोबर रोग्याविषयीं प्रेमही असावें अशी अपेक्षा आहे. निरोगी माणसासाठीं मात्र आयुर्वेदानें दिनचर्या व ऋतुचर्या यांचे नियम सांगितले. ते पाळतांना सोबत कोणी करावी, हा प्रश्न घरावर सोडला. आणि जुन्या घरांतून त्याचें उत्तरही होतें. चातुर्मासांत कांदा, लसूण, वांगें वर्ज्य करणें एकट्यादुकट्यास जमलें नसतें. कांदेनवमीस सारें घर कांदा पोटभर खाऊन घेई आणि मग सारें घर तो सोडी. स्वयंपाकघरांत आजी वा आत्या पहाऱ्यास बसलेली असे. व्रत टिकतें तें बव्हंशीं अशा संगतीनें. डॉक्टरानें चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलेलें 'वजन कमी करा, चाला' हें वाक्य जें चार दिवसांत विरून जातें, त्याचें कारण रोग्याचें अज्ञान नसतें. त्या वाक्याबरोबर घरीं कोणी येत नाहीं.

पुस्का यांच्या मंडळीस हें लौकरच उमगलें. पत्रकें छापलीं, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले, शाळांतून व्याख्यानें दिलीं. आणि हें सारें आवश्यक असलें तरी पुरेसें नाहीं हें दिसून आलें. तेव्हां त्यांनीं मार्था संघाचें दार ठोठावलें. हा फिनिश गृहिणींचा संघ १८९९ सालचा. पाकशास्त्र, बागकाम, घरगुती काटकसर यांचें शिक्षण खेड्यापाड्यांतून देणें हें त्याचें जुनें कार्य. सरकारी माणसास जें घर उघडलें नसतें तें मार्थाबाईंस सहज उघडे. या बायकांनीं गांवोगांव 'दीर्घायुष्याच्या सायंकाळीं'चे मेळे भरविले. त्यांत डॉक्टराचें भाषण अगदीं थोडकें. मग सगळ्यांनीं मिळून रांधावयाचें आणि एकत्र जेवावयाचें. कारेलियांत मांसाचा एक रस्सा पिढीजात आहे. त्यांतील चरबी व मांस कमी करून गाजर, बटाटे व कंद अधिक घालावयाचे, मीठ हात राखून टाकावयाचें, आणि नवऱ्यांस तो वाढून त्यांची मुद्रा पाहावयाची. नव्या पथ्याचा पहिला घांस असा भरल्या पंगतींत गेला. आजारी पडल्याखेरीज कोणी तो मुद्दाम शिजविला असता, असें आम्हांस वाटत नाहीं.

यापुढील पाऊल अधिक धाडसाचें होतें. गांवकऱ्यांस असें विचारण्यांत आलें कीं, तुमच्या गांवांत लोक कोणाचें ऐकतात? उत्तरांत येणारीं नांवें दर वेळीं शिक्षकाचीं किंवा पाद्र्याचीं नसत. कोठें दुकानदार, कोठें एखाद्या मंडळाचा चिटणीस, कोठें चार मुलांची आई असलेली शेतकरीण. अशा माणसांस थोड्या दिवसांचें शिक्षण देण्यांत आलें. हळूहळू त्यांची संख्या सुमारें आठशें झाली. पगार नाहीं, पदवी नाहीं, गणवेश नाहीं. काम एवढेंच कीं, शेजाऱ्याशीं नेहमींच्या बोलण्यांत विषय निघाला म्हणजे सिगारेट सोडण्याबद्दल, सायीच्या दुधाऐवजीं हलकें दूध घेण्याबद्दल, रक्तदाब तपासून घेण्याबद्दल दोन शब्द बोलावे. आणि शक्य तर आपण तसें वागून दाखवावें. आज ज्यास आरोग्याचा मार्गदर्शक किंवा इंग्रजी शब्द वापरून हेल्थ कोच म्हणतात, त्याचें हें ओबडधोबड पण अस्सल रूप होय.

डॉक्टरांपैकीं कांहींस हें पसंत पडणें कठीण होतें. अर्धशिक्षित दुकानदारानें हृद्रोगावर बोलावें! परंतु या आठशें माणसांकडे हृद्रोगाचें ज्ञान मागितलेंच नव्हतें. रोग कशानें होतो हें डॉक्टर सांगतच होते. दुकानदारास ठाऊक होतें तें निराळें: कोणत्या घरांत सासूच्या हातीं चुली आहेत, कोणाचा भाऊ नुकताच गेला आहे म्हणून तो आतां ऐकून घेईल, आणि कोणास आज कांहीं बोलूं नये. उपस्थात्याच्या अंगचें जें प्रेम चरकानें मागितलें, त्याचा हा व्यावहारिक अर्थ आहे. याच सुमारास, १९७२ च्या कायद्यानें, देशभर सरकारी आरोग्यकेंद्रें निघूं लागलीं होतीं; तेथील परिचारिकांनीं रक्तदाबाच्या रोग्यांची नोंद ठेवून त्यांस पुनः पुनः बोलावण्याचें काम अंगावर घेतलें. गांवांतल्या माणसानें दारापर्यंत आणावें आणि परिचारिकेनें आंत घेऊन विसरूं नये, अशी ही वांटणी होती.

हा सगळा गोड इतिहास नाहीं. ज्या प्रांताचें पोट गाईवर, त्या प्रांतांत लोण्याविरुद्ध बोलणें म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणें. दूधउत्पादकांनीं या मोहिमेस विरोध केला, आणि तो निव्वळ स्वार्थी होता असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या कुटुंबास सरकारनेंच पंचवीस वर्षांपूर्वीं गाय पाळावयास लावलें, त्यानें आतां काय करावें? या प्रश्नास उत्तर मिळावयास १९८५ साल उजाडलें. त्या वर्षापासून सरकारी साहाय्यानें शेतकऱ्यांस स्ट्रॉबेरी, करंट इत्यादि फळांच्या लागवडीकडे वळविण्याचा उद्योग सुरू झाला. ज्या मुलखांत उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा तेथेंही हीं झुडपें चांगलीं धरतात. सॉसेज करणाऱ्यांस डुकराची चरबी कमी करून तिच्या जागीं अळंबी घालावयास सांगण्यांत आलें. १९७६ सालीं सबंध देशासाठीं तंबाखूचा कायदा झाला आणि तिच्या जाहिराती बंद पडल्या. १९७८ पासून राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर सिगारेट सोडूं पाहणाऱ्या कांहीं सामान्य स्त्रीपुरुषांचा एक गट आठवड्यामागून आठवडा लोकांसमोर येऊं लागला. कोणी टिकला, कोणी घसरला, आणि देशभरचे प्रेक्षक घरीं बसून त्यांच्याबरोबर तोच प्रयत्न करूं लागले. पुढें गांवागांवांत कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या शर्यतीही लागल्या. कुस्तीच्या फडाप्रमाणें गांवाची अब्रू रक्ताच्या तपासणीवर लागावी, ही कल्पना आम्हांस मोठी मौजेची वाटते.

पांच वर्षांसाठीं आंखलेला हा प्रयोग वाढत वाढत १९९७ पर्यंत चालला. फल काय झालें? त्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचें मृत्युमान चाळीस वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक उतरलें. फुप्फुसांच्या कर्करोगानें मरणारे पुरुषही पुष्कळ कमी झाले. ज्यांस हृदयविकार हा विधिलेख वाटत होता त्यांच्या मुलांनीं बापांहून दीर्घ आयुष्य भोगलें.

येथें टीकाकारांचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे. तुलनेसाठीं शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता. तेथें ही चळवळ नव्हती. परंतु थोड्या वर्षांत तेथेंही मृत्युमान उतरूं लागलें, आणि अखेरीस सबंध फिनलंडांत तें जवळ जवळ तितकेंच उतरलें. मग उत्तर कारेलियांतील आठशें माणसांचें व मार्थाबाईंचें श्रेय किती? प्रयोगाचे पुरस्कर्ते म्हणतात, दूरचित्रवाणी व कायदा यांस प्रांताची सीमा नसते, शेजाऱ्यानें शेजाऱ्याचें पाहून घेतलें. विरोधक म्हणतात, बदल तसाही होणारच होता. शिवाय नवीं औषधें व शस्त्रक्रिया यांचाही वांटा आहे. आम्हांस असें वाटतें कीं, शास्त्राच्या तराजूंत हा प्रयोग हलका पडतो हें कबूल करावें. संगतीनें संवय बदलते हें सिद्ध करावयाचें तर माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात, एकास सोबती द्यावा लागतो आणि दुसऱ्यास नुसता उपदेश. उत्तर कारेलियांत हें झालें नव्हतें.

तें पुढें झालें, आणि फिनलंडांतच झालें. याक्को तुओमिलेह्तो हे पुस्का यांच्याबरोबर उत्तर कारेलियांत काम केलेले डॉक्टर. १९९३ पासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांतील पांच ठिकाणीं ५२२ मध्यमवयीन स्थूल स्त्रीपुरुष निवडले. त्यांस मधुमेह झालेला नव्हता, पण रक्तांतील साखर त्या वाटेवर होती. एका गटास सामान्य सल्ला. दुसऱ्या गटांतील प्रत्येकास एक आहारतज्ज्ञ. पहिल्या वर्षांत सात वेळां भेट, नंतर दर तीन महिन्यांनीं. उद्दिष्टें पांच आणि तीं साधीं होतीं: वजन शेंकडा पांच उतरविणें, स्निग्ध पदार्थ कमी, त्यांतही साय-लोण्यासारखे अधिक कमी, कोंडा व तंतु अधिक, आणि रोज अर्धा तास हालचाल. चार वर्षांनीं सल्ल्यावाल्यांत शेंकडा २३ जणांस मधुमेह झाला, सोबतवाल्यांत शेंकडा ११. ज्यांनीं पांचांपैकीं चार किंवा पांचही उद्दिष्टें गांठलीं त्यांच्यांत एकासही तो झाला नव्हता. हा वृत्तान्त २००१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतून ३२३४ माणसांवरील प्रयोगाचा निकाल आला. तेथें मार्गदर्शकानें चोवीस आठवड्यांत सोळा पाठ दिले, आणि या गटाचा धोका ५८ टक्क्यांनीं घटला. मेटफॉर्मिन हें औषध घेणाऱ्यांचा ३१ टक्क्यांनीं. नुसत्या वजनाकडे पाहिलें तर फिनिश गटानें वर्षांत सरासरी चारच किलो उतरविले होते. इतक्या अल्प त्यागाचें इतकें फळ मिळावें, याचें वैद्यांस आश्चर्य वाटलें.

आपल्या देशांत ही विद्या आली तेव्हां तिची परीक्षा अधिक कठीण झाली. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनीं ५३१ माणसांवर असाच प्रयोग केला. २००६ सालीं त्यांनीं कळविलें कीं, तीन वर्षांत नुसत्या गटांत शेंकडा ५५ मधुमेही झाले आणि मार्गदर्शन मिळालेल्यांत शेंकडा ३९. म्हणजे लाभ झाला, पण पाश्चात्त्यांच्या निम्मा. आणि सोबत मिळूनही शेंकडा एकोणचाळीस हा आंकडा फिनलंडांतील बेसावध गटाहूनही मोठा आहे. वजन तर फारसें उतरलेंच नाहीं, कारण आपल्या लोकांचा मधुमेह पुष्कळदां वरून सडपातळ दिसणाऱ्या देहांतच दबा धरून असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायका व त्यांचीं मुलें यांचा जो अभ्यास चालविला, त्यांत हीं बालकें जन्मतःच हलकीं पण मानानें अधिक चरबीचीं आढळलीं. अशा देहास फिनलंडचें माप तसेंच्या तसें लागूं पडेल, ही अपेक्षाच चुकीची.

फिनिश पद्धत वळसा घेऊन केरळांत आली. तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत मतदानाचे साठ विभाग निवडून १००७ माणसांवर प्रयोग झाला, आणि यांत मार्गदर्शक कोणी आहारतज्ज्ञ नव्हता; गटांतूनच निवडून शिकविलेला शेजारी होता, अगदीं कारेलियाच्या दुकानदारासारखा. बारा महिने गट जमले, परसबागा लावल्या, योगासनें केलीं, मिळून चालावयास गेले. २०१८ सालीं निकाल छापला गेला. दोन वर्षांत साध्या गटांत शेंकडा १७.१ जणांस मधुमेह झाला, या गटांत शेंकडा १४.९, आणि इतका फरक योगायोगानेंही पडूं शकतो, असें संशोधकांनीं प्रांजळपणें सांगितलें. तंबाखू व मद्य मात्र कमी झालें, भाजी-फळें ताटांत वाढलीं. कोणी यास अपयश म्हणेल. आम्ही त्याकडे कारेलियाच्या पहिल्या दोन वर्षांच्या मापानें पाहतों. तेथें कोणी दोन वर्षांत हिशेब मिटविला असता, तर अर्ज करणाऱ्या प्रांतास काय उत्तर मिळालें असतें?

महाराष्ट्रांतील खेड्यांतून आशा कार्यकर्ती आतां घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांची माहिती भरून घेते. वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, आठवड्याची हालचाल, आईबापांचे रोग, असे तींत प्रश्न असतात. गरोदर बायका, लसी, क्षय यांचें काम तिच्याकडे आधींपासून आहेच. ती त्याच गांवची असते, आणि कोणत्या घरांत केव्हां बोलावें हें तिला ठाऊक असतें. आठशें कारेलियनांस शोधावयास पुस्का यांच्या मंडळीस गांवोगांव विचारीत हिंडावें लागलें होतें; येथें ती बाई दारांत उभी आहे, आणि तिला तिसऱ्यांदा व चौथ्यांदा त्याच घरीं जातां येईल एवढी सवड व एवढें मानधन तिला मिळतें कीं नाहीं, हा प्रश्न वैद्यकाचा राहिलेला नाहीं.